तळटीप १२ : चित्रकूटावरचे गीत
‘गीतरामायणा’तले ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे गीत शोकसभांत इतके गायले जाते की अनेकांना ते मृत्यूवरचेच वाटते. कवी ग. दि. माडगूळकरांनी (गदिमांनी) ते रामाच्या तोंडी घातले चित्रकूटावर, भरतभेटीच्या प्रसंगी. वनवासाला कारण झालेल्या आईवर भरत संतापलेला. राम मात्र कैकेयीला आणि वडिलांनाही दोषमुक्त करतो. म्हणजे मुळात ही धाकट्या भावाची समजूत आहे, आणि म्हणूनच ती इतकी हळवी आहे. चाल आणि स्वर सुधीर फडक्यांचे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर मालिका सुरू झाली. आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने गीते ५६ झाली. वाचकांनी हे गीत सर्व कडव्यांसह, भरताला समोर ठेवून ऐकावे.