स्टेपनी
मोटारीच्या जादा चाकाला मराठीत स्टेपनी म्हणतात. हे नाव वेल्समधल्या लानेली गावातल्या एका रस्त्याचे आहे. लंडनच्या पूर्व भागातही स्टेपनी नावाची वस्ती आहे, त्यामुळे शब्द तिथून आला असा समज होतो. तो चुकीचा आहे.

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार केला. हा टायर चाकाला चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढायचे तर तो सोलून पुन्हा डकवावा लागे. फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये चाकावरून सुटणारा टायर आणून हा त्रास बराच कमी केला. चार वर्षांनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्यांनी हवेच्या टायरांची मोटार उतरवली. जवळपास १२०० किलोमीटरच्या त्या वाटेवर टायर पुन्हापुन्हा पंक्चर झाले, पण मोटार हवेवर धावू शकते हे दिसले.

धावणे जमले, तरी थांबणे टळले नाही. रस्ते घोडागाड्यांचे होते आणि नालांचे खिळे त्यांवर जागोजागी पडलेले असत. त्या काळच्या बहुतेक मोटारींची चाके आसावर कायमची बसवलेली असत. टायर बसला की गाडी जॅकवर चढवायची, जागेवरच टायर उचकटून ट्यूब बाहेर काढायची, भोक शोधून ठिगळ लावायचे आणि मग हातपंपाने हवा भरत बसायचे. हे सारे पावसात, चिखलात किंवा अंधारात करावे लागे. मोटार बाळगणारे शोफर ठेवीत, त्यामागे हेही एक कारण असावे.

लानेलीच्या वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये यावर तोडगा काढला. त्यांच्या चाकाला ना आरे होते ना तुंबा. ती होती नुसती लोखंडी धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर आणि कडेला पकडी. पंक्चर झालेले चाक काढण्याची गरजच नव्हती. त्याच्या बाहेरच्या अंगाला ही धाव लावून पकडी आवळायच्या, की गाडीचा भार नव्या टायरवर येई आणि बसलेला टायर शेजारी नुसता फिरत राही. जोडचाकाची ही गाडी देखणी दिसत नसणार, पण तेवढ्यावर घर गाठता येई. दुरुस्तीला हात न लावता ती पुढे ढकलायची, ही या शोधातली खरी हुशारी. कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून चाकही ‘स्टेपनी’ झाले. १९०६ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि माल परदेशी जाऊ लागला.

मूळ स्टेपनीचे दिवस मात्र लवकर संपले. १९०८ च्या सुमारास रज-व्हिटवर्थ कंपनीची आसावरून झटकन निघणारी चाके आली. चाकच बदलता येऊ लागल्यावर त्यावर दुसरी धाव आवळण्याचे प्रयोजन उरले नाही. मोटारीबरोबर एक पूर्ण चाक नेण्याची पद्धत पडली. इंग्लंडमध्ये जुने नावही मागे पडले. भारतात ते टिकले, माल्टात टिकले आणि ब्राझीलमध्ये ‘एस्तेपे’ होऊन राहिले. वनस्पती तुपाला जसे डालडा, तसे जादा चाकाला स्टेपनी. फरक इतकाच, की डालड्याचा डबा लोकांनी पाहिला होता. डेव्हिस बंधूंची ती धाव आज शब्द वापरणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी पाहिली असेल. मराठीने तर हा शब्द मोटारीबाहेरही नेला. ऐनवेळी कामाला येईल म्हणून सोबत घेतलेल्या माणसालाही थट्टेने स्टेपनी म्हणतात.

आता चाकावरच गदा आली आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात रूढ झालेला ट्यूबलेस टायर खिळा रुतला तरी एकदम बसत नाही, हवा हळूहळू सुटते. भारत सरकारने २०२० मध्ये नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या वाहनांना ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच आहे, त्यांना जादा चाकाची सक्ती उरली नाही. वाचलेली जागा विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीला उपयोगी पडेल, हाही त्यामागचा एक विचार होता. साडेतीन टनांवरच्या मालट्रकना ही सूट नाही.