दऱ्या, दर्या आणि आवृत्त्यांचा मेळ

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर मुदखेड हे जंक्शन आहे. आदिलाबादचा फाटा येथूनच निघतो. निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत १९०० च्या सुमारास हा मार्ग झाला, तेव्हा दोन रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर ठेवले होते. मनमाडला मुंबईकडून येणारे रूळ मात्र १६७६ मिलिमीटरचे. त्यामुळे मराठवाड्यातला माल मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा, हा उद्योग विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चालला. दोन्ही मार्ग आपापल्या जागी ठीकच होते. अडचण होती ती सांध्यावर.

संगणकावरील मराठीचा इतिहास पाहिला तर असेच सांधे पावलोपावली भेटतात. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे ठरवणारी ‘इस्की’ ही भारतीय संकेतप्रणाली १९८३, १९८६ आणि १९८८ अशी सुधारत गेली. यातील १९८८ च्या आवृत्तीवरून ‘युनिकोड’ या जागतिक प्रणालीतला देवनागरीचा विभाग बेतला गेला. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने थोडे फेरफार करून इस्कीचे नवे मानक (आयएस १३१९४) प्रसिद्ध केले. म्हणजे जगाने आपली लिपी उचलली ती एक आवृत्ती मागची!

छपाईच्या व्यवसायात या दोन्हींना बगल देऊन तिसरीच वाट रूढ झाली. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फाँट वापरायचे. कागदावर सुरेख मराठी उमटे, पण तोच फाँट नसलेल्या संगणकावर प्रश्नपत्रिका उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. शाळेत संगणक हाताळलेल्या बहुतेकांनी हा अनुभव घेतला असेल.

युनिकोडमुळे हा गोंधळ पुष्कळ कमी झाला, पण आवृत्त्यांचा प्रश्न राहिलाच. मराठीतला ‘ॲ’ घ्या. इस्कीतून आलेल्या तक्त्यात ‘ऍ’ होता, पण मराठीत रुळलेला ‘ॲ’ नव्हता. तो एप्रिल २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आला. तोवर लोक ‘अ’ लिहून त्यापुढे अर्धचंद्राची खूण देत. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने जुन्या रूपात दोन क्रमांक आहेत आणि नव्यात एक. म्हणून नव्या पद्धतीने ‘ॲल्युमिनियम’ शोधल्यास जुना लेख सापडत नाही. उलट, नवा लेख जुन्या फाँटच्या संगणकावर नेला तर ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन दिसतो. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा वा काढायचा नाही, हा युनिकोडचा दंडक आहे. तो योग्यच आहे. नाहीतर कालचे लेखन आज वाचता येणार नाही.

‘दऱ्या’ची गोष्ट याहून नाजूक. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या रीतीने हा शब्द लिहिताना ‘र’ आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह द्यावे लागे. नंतरच्या रीतीत त्याऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात. जुन्या रीतीचा मजकूर दुसरीकडे नेताना एखाद्या आज्ञावलीने ते अदृश्य चिन्ह गाळले, तर डोंगरातल्या दऱ्यांचा एकदम दर्या होतो. भूगोलाच्या शिक्षकांनी याचा जरूर विचार करावा.

आता समजा, एखाद्या शिक्षक मंडळाला अशी सोय हवी आहे, की एका पत्त्यावर ई-पत्र धाडावे आणि ते सर्व सभासदांना पोचावे. त्यासाठी ‘मेलमन’ ही आज्ञावली फुकट मिळते. ती ‘पायथन’ या संगणकीय भाषेत लिहिलेली आहे. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे ‘ॲ’च्याच वर्षी आली. दुसऱ्या आवृत्तीत साधा मजकूर म्हणजे नुसती बाइटांची माळ होती; तिसरीत मजकूर म्हणजे युनिकोड अक्षरे. मराठीच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा. पण त्यामुळे जुन्यासाठी लिहिलेली आज्ञावली नव्यावर जशीच्या तशी चालेना. मेलमन २.१ पायथन २ वरच चालते आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. मेलमन ३ ही २०१५ मध्ये आली. ती पायथन ३ वर चालते. तिचे गाभा, व्यवस्थापनाची पाने आणि जुन्या पत्रांचा संग्रह असे वेगवेगळे भाग आहेत. यांपैकी शेवटचे दोन ‘जँगो’ नावाच्या आणखी एका आज्ञावलीवर उभे असून तिच्याही आवृत्त्या निराळ्या.

अशा वेळी प्रत्येक गोष्ट ताज्यातली ताजी घ्यावी असा मोह होतो. तो आवरावा. कालच आलेल्या पायथनवर मेलमनच्या कर्त्यांनी आपले काम तपासून पाहिलेलेच असेल असे नाही. कोणत्या आवृत्तीला कोणती चालते हे ते स्वतः लिहून ठेवतात. ते आधी वाचावे, मग सर्वांना मान्य असलेली पायथनची आवृत्ती निवडावी आणि ती स्वतंत्र कप्प्यात बसवावी, म्हणजे संगणकावरच्या इतर कामांना धक्का लागत नाही. बसवलेल्या प्रत्येक भागाचा आवृत्तिक्रमांक वहीत टिपावा. चाचणीच्या पहिल्या पत्रात ‘ॲल्युमिनियम’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द, दोन्ही रीतींनी लिहिलेले, घालावेत आणि सभासदांच्या जुन्यात जुन्या संगणकावर ते कसे दिसतात ते पाहावे.