किल्डोनन : तीन आकड्यांत दडलेले विस्थापन

१/ स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सदरलँड परगण्यात, हेल्म्सडेल नदीच्या खोऱ्यात किल्डोनन ही पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वाड्या-वस्त्यांचा समूह. गॅझेटियर कसे वाचावे आणि कसे वाचू नये, हे समजून घेण्यासाठी किल्डोननइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

२/ १७९० मध्ये सर जॉन सिंक्लेअर यांनी स्कॉटलंडमधील प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूला दीडशेहून अधिक प्रश्नांची यादी पाठवली. जमीन, पिके, गुरे, रोगराई, भाषा, लोकसंख्या अशा सर्व बाबींविषयी त्यांत विचारणा होती. उत्तरांतून १७९१ ते १७९९ या काळात २१ खंड सिद्ध झाले. 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द इंग्रजीत रूढ करण्याचे श्रेयही सिंक्लेअर यांनाच दिले जाते.

३/ पुढे जनगणना सुरू झाली आणि गॅझेटियरकार प्रत्येक पॅरिशची लोकसंख्या एका ओळीत देऊ लागले. किल्डोननच्या ओळीत तीन आकडे शेजारी शेजारी आहेत : १८११ मध्ये १५७४, १८२१ मध्ये ५६५, १८३१ मध्ये २५७. वीस वर्षांत दर सहा माणसांमागे पाच नाहीशी झाली!

४/ ही माणसे युद्धात वा साथीत मेली नव्हती. येथील जमीन सदरलँडच्या काउंटेस एलिझाबेथ यांच्या मालकीची होती. पिढ्यान् पिढ्या ती कसणारी गेलिकभाषक कुळे देत असलेल्या खंडापेक्षा, चेव्हियट मेंढ्या पाळणारा एकच मोठा भाडेकरू कितीतरी अधिक रक्कम देऊ शकत होता. म्हणून जहागिरीच्या कारभाऱ्यांनी खोरे रिकामे करण्याचे ठरवले.

५/ १८१३ च्या आरंभी किल्डोननच्या लोकांनी जमीन पाहायला आलेल्यांना पिटाळून लावले. बंदोबस्तासाठी सैन्य आले. त्याच वर्षी सुमारे शंभर जण लॉर्ड सेल्कर्क यांच्या वसाहतीसाठी कॅनडाला निघाले. जहाजावर टायफसची साथ पसरली. हडसन उपसागराच्या काठी हिवाळा काढून ते पुढे रेड नदीकाठी पोहोचले. आजच्या विनिपेग शहरातील किल्डोनन हे नाव त्यांचेच.

६/ १८१९ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर घरे रिकामी करण्यात आली. अनेकांच्या वाट्याला किनाऱ्यावरचे तुटपुंजे तुकडे आले. नदीच्या मुखाशी जहागिरीने हेल्म्सडेल हे हेरिंग मासेमारीचे गाव वसवले. डोंगरातील शेतकऱ्याने आता समुद्रावर पोट भरावे, अशी ही योजना होती.

७/ प्रवासवर्णनांत हाच इतिहास दोन तोंडांनी बोलतो. 'अंकल टॉम्स केबिन'च्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांचा ब्रिटनमध्ये सदरलँड घराण्याने सत्कार केला. १८५४ च्या 'सनी मेमरीज'मध्ये त्यांनी या विस्थापनाला सुधारणा ठरवले. सदरलँडमधून हाकलले गेलेले गवंडी डोनाल्ड मॅक्लाउड यांनी प्रत्युत्तरादाखल आपल्या पुस्तकाला नाव दिले, 'ग्लूमी मेमरीज'.

८/ आता गॅझेटियरमधील खरी मेख. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्डोननची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात दिसते. खोरे पुन्हा नांदू लागले होते काय? नाही. पूर्वी लॉथ पॅरिशमध्ये असलेले हेल्म्सडेल आता किल्डोननमध्ये मोजले जात होते. सीमारेषा सरकली आणि कागदावर उजाड खोरे भरले.

९/ किल्डोननच्या धर्मगुरूंचे पुत्र डोनाल्ड सेज यांनी हे विस्थापन जवळून पाहिले. त्यांच्या आठवणींचे 'मेमोरेबिलिया डोमेस्टिका' हे पुस्तक मात्र १८८९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. तोवर जहागिरीची बाजू मांडणारी पुस्तके छापून कित्येक दशके लोटली होती.

१०/ मराठी अभ्यासकांच्या नित्य वापरातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल हेही स्कॉटिशच. तेथील कोष्टके वाचतानाही तीन प्रश्न विचारावेत : नोंद कोणी केली? तो कोणाच्या आश्रयाने राहत होता? आणि दोन आकड्यांच्या मधल्या काळात सीमा तीच राहिली का? किल्डोननचा १५७४ हा आकडा खरा आहे, दोन हजारांचाही खरा आहे. त्या दोहोंमध्ये उभी राहते ती २५७ माणसांची १८३१ ची नोंद.