झुरिचची गाय, लांपांगची हत्तीण

'लिलाव' हा शब्द मराठीला पोर्तुगीजांनी दिला. आपल्या किनाऱ्यावर तो इतका रुजला की, तो परका आहे हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. धर्मग्रामाच्या सणाला अर्पण केलेला केळीचा घड किंवा कोंबडा लिलावात निघतो, तेव्हा त्याची बोली बाजारभावाच्या पुष्कळ वर जाते. घेणाऱ्याला कोंबडाच हवा असतो असे नाही. देण्यासाठी निमित्त हवे असते. गेल्या काही दशकांत जगातील अनेक शहरांनी या निमित्ताला एक निराळे रूप दिले आहे. फायबरग्लासची जनावरे घडवायची, चित्रकारांकडून ती रंगवून घ्यायची, काही महिने चौकाचौकांत उभी करायची आणि अखेरीस त्यांचा लिलाव करून पैसा सत्कार्याला द्यायचा. या प्रथेचा इतिहास लहान आहे. पण दान आणि देखावा यांचे नाते काय असावे, हा जुना प्रश्न त्यात पुन्हा उभा राहतो.

या प्रथेचे मूळ स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात आहे. सिंह हे त्या शहराचे प्रतीक. 1986 साली तेथील रस्त्यांवर रंगवलेले सिंह मांडण्यात आले. पुढे 1998 साली वॉल्टर क्नॅप यांच्या कलादिग्दर्शनाखाली सिंहांची जागा गायींनी घेतली. शिल्पकार पास्काल क्नॅप यांनी गायीचे तीन साचे तयार केले: एक उभी, एक चरणारी आणि एक बसलेली. स्वित्झर्लंडला गाय घरच्यासारखी. त्यामुळे लोकांना ती चटकन आपली वाटली. मात्र येथे मुख्य हेतू परोपकाराचा नव्हता. उन्हाळ्यात पाहुणे यावेत, बाजारपेठ गजबजावी, ही व्यापाऱ्यांची साधी इच्छा त्यामागे होती.

झुरिचच्या या गायी शिकागोचे एक पादत्राणांचे व्यापारी पीटर हॅनिग यांच्या दृष्टीस पडल्या. त्यांनी ही कल्पना आपल्या शहरात नेली आणि शहराच्या सांस्कृतिक विभागाच्या प्रमुख लोइस वाइसबर्ग यांनी ती उचलून धरली. 1999 च्या उन्हाळ्यात तीनशेहून अधिक गायी शिकागोच्या रस्त्यांवर अवतरल्या.

शिकागो आणि गाय यांचे नाते मात्र झुरिचइतके निरागस नाही. 1865 ते 1971 पर्यंत तेथे अवाढव्य गुरांचा बाजार होता आणि त्याच्याभोवती कत्तलखाने होते. शिवाय 1871 च्या भीषण आगीचे खापर या शहराने एका गायीवर आणि तिच्या मालकिणीवर फोडले होते. कॅथरीन ओलिअरी ही गरीब, आयर्लंडहून आलेली कॅथलिक बाई. तिच्या गायीने कंदील लाथाडला आणि शहर पेटले, अशी कथा पसरली. स्थलांतरितांविषयी आणि कॅथलिकांविषयी मनात अढी असलेल्यांना ती लगेच पटली. ही कथा आपण रचली होती, अशी कबुली मायकल अहर्न या वार्ताहराने 1893 साली दिली. तरीही नगरसभेने तिला आणि तिच्या गायीला अधिकृतपणे निर्दोष ठरवले ते 1997 साली, म्हणजे आगीनंतर सव्वाशे वर्षांनी. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच शहराच्या रस्त्यांवर गायी सन्मानाने उभ्या राहिल्या, हा योगायोग लक्षात ठेवावा असा आहे.

शिकागोने या प्रथेत महत्त्वाची भर घातली. प्रदर्शन संपल्यावर सुमारे 140 गायींचा लिलाव झाला आणि त्यातून 30 लाख डॉलरहून अधिक रक्कम धर्मादाय संस्थांसाठी उभी राहिली. व्यापाराच्या झाडाला दानाचे कलम येथे बांधले गेले.

2000 साली गायी न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हा या कलेची मर्यादाही उघड झाली. प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी शीर तोडलेली, पाठीत काटे-सुऱ्या खुपसलेली गाय तयार केली. ती सार्वजनिक जागी मांडण्यास परवानगी मिळाली नाही. लहान मुलांच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा आहे. तरीही एक गोष्ट उरतेच: हसरी, फुलाफुलांची गाय सर्वांना हवी होती, खऱ्या गायीच्या वाट्याला काय येते, हे पाहण्याची तयारी नव्हती.

या प्रथेला खरे वळण मिळाले ते थायलंडमध्ये. तेथील लांपांग येथे सोराइदा साल्वाला यांनी 1993 साली हत्तींसाठी रुग्णालय सुरू केले होते. 2006 साली म्यानमारच्या सीमेलगत अवघ्या सात महिन्यांच्या मोशा नावाच्या हत्तिणीचा पाय भूसुरुंगावर पडला आणि तिने पुढचा एक पाय गमावला. माणसांवर उपचार करणारे अस्थिशल्यचिकित्सक थेर्डचाई जिवाकेट यांनी तिच्यासाठी कृत्रिम पाय तयार केला. हत्तीचे पिल्लू वाढत जाते आणि वजन वाढले की जुना पाय अपुरा पडतो. म्हणून तिला वरचेवर नवा पाय करून द्यावा लागला. तिला पाहून मार्क स्पिट्स या डच गृहस्थांनी आपला मुलगा माइक याच्यासह रंगीत हत्तींची मिरवणूक सुरू केली. ती प्रथम 2007 साली रॉटरडॅम येथे निघाली. हा उपक्रम व्यवसाय म्हणूनच चालतो आणि निव्वळ नफ्यातील 20 टक्के वाटा हत्तींसाठी देण्याचे त्याने जाहीर केले. येथे शिल्पातील प्राणी आणि मदत घेणारा प्राणी एक झाले.

2010 साली लंडनमध्ये अडीचशेहून अधिक हत्ती उभे राहिले आणि सुमारे 40 लाख पौंड जमले. त्यामागे मार्क शँड यांची संस्था होती. तारा नावाच्या हत्तिणीवर बसून त्यांनी ओडिशापासून बिहारमधील सोनपूरच्या जत्रेपर्यंत प्रवास केला होता. भारतीय हत्तीची ओढ त्यांना तेथेच लागली. 2014 साली ते निवर्तले. 2018 साली 101 हत्तींची मिरवणूक भारतात आली आणि मुंबईकरांनीही ती पाहिली.

त्यानंतरचे पाऊल अधिक बोलके आहे. 2021 साली लंडनच्या उद्यानांत उभे राहिलेले हत्ती फायबरग्लासचे नव्हते आणि रंगवलेलेही नव्हते. नीलगिरीतील गुडलूर परिसराच्या आदिवासी कारागिरांनी ते घाणेरीच्या काड्यांपासून विणले होते. शोभेचे झुडूप म्हणून परदेशातून आणलेल्या या घाणेरीने आपल्या जंगलांत धुमाकूळ घातला आहे. ती तोडली की हत्तींना चारा वाढण्यास जागा होते आणि विणणाऱ्यांच्या हातांना काम मिळते. लिलावाची वाट न पाहता दान येथे घडवण्यातच सुरू होते.

व्यापारी, चित्रकार आणि दाते यांचे हेतू एकच असतात असे मानण्याचे कारण नाही. श्रीमंताच्या बागेत शोभणाऱ्या हत्तीची किंमत त्याच्या हौसेने वाढत असेल, तर तो पैसा रुग्णालयात पोहोचल्यावर कमी उपयोगी ठरत नाही. म्हणून देखाव्याला सरसकट नावे ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. कसोटी एवढीच की, रंगीत मूर्ती पाहून परतणाऱ्याची दृष्टी खऱ्या प्राण्यापर्यंत पोहोचते की रंगातच अडकून राहते. झुरिच ते गुडलूर या प्रवासात ती दृष्टी हळूहळू पुढे सरकली आहे. आपल्या सणातील लिलावाची बोली वर चढत असतानाही हाच प्रश्न मनाशी विचारावा: हा पैसा कोणाच्या दाराशी जाणार आहे, आणि त्या दाराशी आपण स्वतः कधी गेलो आहोत का?