आदर्शीकरण : एका क्रियापदाची कुळकथा

एखाद्या व्यक्तीतले, काळातले किंवा समाजातले दोष वगळून त्याचे निर्दोष चित्र उभे करणे, या अर्थाने ‘आदर्शीकरण करणे’ हे क्रियापद मराठी समीक्षेत रुळले आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या ‘आदर्श’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ जसे असेल तसे दाखवणारा आरसा हा आहे. पाहणे या अर्थाच्या ‘दृश्’ धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मळाने झाकलेल्या आदर्शाचा दृष्टान्त येतो तो आरशाचाच, आणि दंडीच्या ‘काव्यादर्श’ या ग्रंथनामाचा अर्थही आदर्श काव्य असा नसून काव्याचा आरसा असा आहे. प्राकृतातून झिजत मराठीत उतरलेला ‘आरसा’ हे याच शब्दाचे तद्भव, म्हणजे लोकांच्या तोंडी बदललेले रूप होय.

पोथीची नक्कल करताना समोर ठेवलेल्या प्रतीलाही ‘आदर्श’ म्हणत. ज्यात पाहायचे त्यापासून ज्याच्याकडे पाहून दुसरे घडवायचे, इथपर्यंतचा अर्थाचा प्रवास या उपयोगात स्पष्ट दिसतो, आणि अनुकरणीय नमुना हा आजचा अर्थ त्यापासून फार दूर नाही.

खरे मर्म मात्र ‘-ईकरण’ या अंशात आहे. संस्कृत व्याकरणात याला च्वि प्रत्ययाची रचना म्हणतात. पाणिनीने ती सांगितली आणि तिच्यासाठी ‘अभूततद्भाव’, म्हणजे जे मुळात तसे नव्हते ते तसे होणे, ही अट परंपरेने घातली. म्हणून एखाद्याला ‘आदर्श मानणे’ यात त्याची थोरवी स्वीकारलेली असते, तर त्याचे ‘आदर्शीकरण करणे’ म्हणताना तो मुळात तसा नव्हता हे व्याकरणच सांगून टाकते. ‘उदात्तीकरण’ या शब्दाची घडण अशीच असली, तरी मानसशास्त्रात त्याला आदिम प्रेरणा उच्च कार्याकडे वळवण्याचा स्वतंत्र पारिभाषिक अर्थ आहे, त्यामुळे दोन्ही शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरणे योग्य नव्हे.

भौतिकशास्त्रातील ‘आदर्श वायू’ हेही आदर्शीकरणच, परंतु तिथे रेणूंचे आकारमान आणि त्यांच्यातील आकर्षण वगळल्याचे आधीच जाहीर केलेले असते. साहित्यात अशी कबुली क्वचितच मिळते; रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या काळातील जानपद, म्हणजे ग्रामीण जीवनावरच्या, गीतांमधल्या खेड्यावर समीक्षकांनी आक्षेप घेतला तो यामुळेच, कारण त्या खेड्यातून दारिद्र्य आणि जातिभेद बव्हंशी वगळले गेले होते, आणि 1949 मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ने दुष्काळी मुलखातली माणसे त्यांच्या उणिवांसह मराठी वाचकांपुढे आणली.