पेशीला थांबवते कोण? पेशीचक्राच्या शोधाची एक कथा

टी. नगरच्या उस्मान रोडवरील बहुमजली साडीदुकानात गर्दीच्या दिवशी लिफ्टकडे नीट पाहा. दार पूर्ण मिटल्याशिवाय ती हलत नाही, आणि वजन जास्त झाले की घंटी वाजून कोणाला तरी उतरावे लागते. आम्ही अभियांत्रिकीत याला इंटरलॉक म्हणतो. तुमच्या शरीरातील विभागणाऱ्या पेशींतही असे इंटरलॉक असतात. ते कसे चालतात हे मुख्यतः १९७० नंतर उलगडले. त्यापूर्वीच्या संशोधकांना कर्कपेशी थांबत नाही एवढे दिसत होते. का, ते कळत नव्हते.

या संशोधकांपैकी एक नाव तुम्हाला माहीत असायला हवे. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, १९१७ साली पुण्यात जन्मल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या. वडिलांना त्यांनी डॉक्टर व्हावे असे वाटत होते, त्यांनी एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली. विषय होता उंदरांच्या निरनिराळ्या वंशांतील स्तनग्रंथी: काही वंशांत कर्करोग सहज होतो, काहींत होत नाही. हा फरक कुठून येतो, हा प्रश्न त्यांनी पुढे सोडला नाही.

नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जगवण्याचे तंत्र तिथे घडत होते. याच गे यांनी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी वाढवल्या. त्या हेला पेशी आजही विभागत आहेत. लॅक्स यांची परवानगी कोणी घेतली नव्हती, हेही या इतिहासात नोंदवलेच पाहिजे. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील ती पहिली मानली जाते.

इकडे अड्यारमध्ये १९५४ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झाले. त्या काळी हाती होते ते मुख्यतः शस्त्रक्रिया आणि किरणोपचार.

उलगडा झाला तो तुकड्यातुकड्यांनी. १९५३ साली हॉवर्ड आणि पेल्क यांनी वालाच्या जातीतील एका रोपट्याच्या मुळांवर प्रयोग करून दाखवले की डीएनएची नक्कल पेशीचक्राच्या ठरावीक टप्प्यातच होते. १९७० साली भारतात जन्मलेले पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी वेगवेगळ्या टप्प्यांतील हेला पेशी एकमेकींत मिसळल्या. नक्कल करणाऱ्या पेशीशी जोडलेले, अजून सुरुवातीलाही न आलेले केंद्रक लगेच नक्कल करू लागले. म्हणजे ‘पुढे जा’ हा आदेश पेशीरसात विरघळलेला होता! (मला हा प्रयोग या साऱ्यांत सर्वांत सुंदर वाटतो.)

तो आदेश कोणता, हे लीलंड हार्टवेल यांनी यीस्टमध्ये, टिम हंट यांनी समुद्री साळूच्या अंड्यांत आणि पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये शोधले. सायक्लिन हे प्रथिन साचते, एका विकराला चालू करते, मग नष्ट होते. १९८८ साली वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी इंटरलॉकही दाखवला: किरणांनी डीएनए तुटला की यीस्ट थांबून दुरुस्ती करते, एक जनुक बिघडले, तर न थांबता विभागते आणि मरते. तिघांना २००१ साली नोबेल मिळाले. रणदिवे त्याच वर्षी वारल्या.

आता हेलाकडे परत या. मानवी पेशीत थांबवण्याचे मोठे काम पी५३ आणि आरबी ही प्रथिने करतात. हेला पेशींत पॅपिलोमा विषाणूची दोन जनुके आढळली: एकाचे प्रथिन पी५३ नष्ट करवते, दुसऱ्याचे आरबीला निकामी करते. दोन्ही ब्रेक एकाच विषाणूने काढलेले. म्हणूनच या विषाणूविरुद्धची लस गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळू शकते.

आणि स्तनाचा कर्करोग, रणदिवे यांचा मूळ विषय? सायक्लिनने चालणाऱ्या विकरांपैकी दोघांना अडवणारे पाल्बोसिक्लिब हे औषध अमेरिकेत २०१५ साली याच रोगाच्या काही प्रकारांसाठी मंजूर झाले.