पडद्यावरचा चेहरा आणि पाळीचा पगार

चित्रवाणीवर बातम्या वाचण्याचे काम आज कितीतरी तरुणांना खुणावते. या धंद्याची सुरुवात आपल्या देशात कोणी आणि कोणत्या अटींवर केली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची नजर आधी अटींवरच जाते, त्याला इलाज नाही.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी चित्रवाणी आली ती प्रयोग म्हणून. रोजचे प्रक्षेपण १९६५ साली सुरू झाले, आणि पाच मिनिटांचे बातमीपत्र वाचण्याचा मान प्रतिमा पुरी यांना मिळाला. त्या आकाशवाणीतून आलेल्या. यात नवल नाही. १ एप्रिल १९७६ पर्यंत चित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक भाग होता. परंतु नभोवाणीच्या निवेदकाला कागदात डोके घालून वाचता येत असे. इथे टेलिप्रॉम्प्टर नव्हता. वाक्य कागदावरून उचलायचे, मान वर करून प्रेक्षकाकडे पाहात ते संपवायचे, आणि डोळे पुन्हा खाली आले की ओळ चुकता कामा नये! गिरणीच्या सूतखात्यात चालत्या चातीवर तुटलेला धागा सांधणाऱ्या बोटांची ही जात. आम्ही तिला कारागिरीच म्हणतो.

मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झाले. तिथे मराठी बातम्या वाचणाऱ्यांत रंगभूमीवरच्या भक्ती बर्वे होत्या, विशीही न गाठलेल्या स्मिता पाटील होत्या. स्मिताबाई जीनवरच साडी गुंडाळून बसत, अशी आठवण सांगतात. कॅमेऱ्याला कमरेखालचे दिसत नसे. प्रदीप भिडे १९७४ साली आले आणि त्यांचा आवाज पुढे कित्येक वर्षे घरोघर ओळखीचा झाला.

आता अटींचे. ज्यांना सारा महाराष्ट्र तोंडाने ओळखी, त्यांतले कित्येक कायम नोकर नव्हतेच. नैमित्तिक करार, आणि वाचले त्या दिवसाचे मानधन. वरळीहून हाकेच्या अंतरावर गिरण्यांच्या दारांत बदली कामगार उभा असे. त्याचा आणि यांचा हिशेब एकाच वहीतला. फरक एवढाच की बदलीवाल्याला आपण कामगार आहोत हे ठाऊक होते.

कायदाही मागे राहिला. श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदा वर्तमानपत्रांपुरता होता. चित्रवाणी तेव्हा देशात नव्हतीच. पुढे खाजगी वाहिन्यांचे पेव फुटले, तरी व्याख्या तीच राहिली. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला पत्रकार कायद्याच्या व्याख्येत बसला तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, म्हणजे दिल्लीच्या त्या प्रयोगानंतर ६१ वर्षांनी. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचे कलमही तिच्यातच आहे.

आमच्याकडे सल्ल्याला येणारी मुले गळ्यातले ओळखपत्र अभिमानाने दाखवतात; वाहिनीचे नाव त्यावर ठळक छापलेले असते. नेमणूकपत्र मागितले, की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.